नाव कुठून कापायचं

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आमच्या गावात प्रत्येकाला बोर्ड पाहिजे. साधा नाही, लाल अक्षरांचा, चमकणारा. दवाखान्याला पाहिजे, मंगल कार्यालयाला पाहिजे, पिठाच्या चक्कीवाल्यालाही पाहिजे. कालपरवापर्यंत पाटीवर खडूनं लिहून भागत होतं. पण जिल्ह्याचं ठिकाण म्हटल्यावर खडू कसा चालेल, बाप्पा! मी तक्रार करत नाही. आमचं दुकान त्यावरच चालतं.

आमचं म्हणजे माझं आणि माझ्या मोठ्या जावेचं. मी त्यांना ताई म्हणते आणि अहोजाहो करते, घरातली रीतच तशी आहे. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्यात कामाची वाटणी सरळ आहे: तोंड माझं, डोकं त्यांचं. गिऱ्हाइकाला बसवणं, चहा पाजणं, त्याला नेमकं काय पाहिजे ते त्याच्याकडून वदवून घेणं, आणि वेळ पडली तर भांडणं, हे माझ्याकडे. प्रोग्राम लिहिणं ताईंकडे. त्या नागपूरला शिकल्या, तिथंच काही वर्षं नोकरी केली, आणि लग्न होऊन इकडं आल्या तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आता ही पोळ्या लाटीन. लाटतात ना, पोळ्याही लाटतात. पण कापसाच्या जिनिंगपासून खताच्या दुकानापर्यंत निम्म्या पांढुर्ण्याचा हिशेब ताईंनी लिहिलेल्या प्रोग्रामवर चालतो, आणि मला त्याचा असा गर्व आहे की विचारू नका. ताईंना स्वतःलाही आहे. नाकावर माशी बसू देत नाहीत त्या.

ताईंचा एक नेम आहे. जे तयार मिळतं ते आपण लिहायचं नाही.

हा नेम मला समजायला वेळ लागला. प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात, त्या भाषेबरोबरच काही कामं तयार करून दिलेली असतात. तारखा मागंपुढं करणं, यादी लावणं, लांब ओळ कापून आखूड करणं. त्याला म्हणतात बिल्ट-इन फंक्शन. तुम्ही फक्त नाव घेऊन हाक मारायची, ते काम करून देतं. पण नवशिक्या पोरापोरींना तेवढ्यानं समाधान नसतं. त्यांना स्वतःचं लिहायचं असतं, आणि मग ते चारचौघांत दाखवायचं असतं. असं कोणी दुकानात येऊन दाखवलं की ताईंचा पारा चढायचा.

"लोकांनी हजार ठिकाणी वापरलं, ठेचा खाल्ल्या, दुरुस्त केलं," त्या म्हणायच्या. "आणि तुझं काल संध्याकाळी लिहिलेलं त्याच्यापेक्षा शहाणं?"

मी एकदा त्यांना छेडलं. म्हटलं, ताई, तिखट तर तुम्ही घरीच कांडता. दुकानात तयार मिळतं की.

"तिखटाला चव असते," ताई स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाल्या. "अक्षरं मोजायला कसली आली चव?"

ही बाई कधी चुकत नाही, हे तोवर मला पाठ झालं होतं.

मग संत्र्यांच्या यार्डाचं काम आलं. काही व्यापाऱ्यांनी मिळून बऱ्याच वर्षांपूर्वी गावाबाहेर फळांच्या लिलावाची शेड टाकली होती. तिथं शेतकरी कॅरेटी घेऊन येतात, एकेकाचा लॉट पुढं येतो, व्यापारी बोली लावतात. आधी एक माणूस स्टुलावर उभा राहून भोंग्यावर ओरडायचा, आता कोणाचा लॉट आहे ते. त्याचा आवाज असा होता की स्टेशनवरच्या लोकांनाही कळायचं कोणाची संत्री विकून राहिली. पण बोर्डाची हवा आली, आणि यार्डानंही लाल अक्षरांचा मोठा बोर्ड घेतला. भोंगा बंद. शेतकऱ्यांची नावं कॉम्प्युटरात भरायची आणि ज्याचा लॉट असेल त्याचं नाव बोर्डावर झळकवायचं, एवढं काम आमच्याकडं आलं.

काम लहान. फक्त एक अडचण होती. बोर्डावर एकच ओळ, आणि तीही आखूड. आणि आमच्याकडची नावं म्हणजे काय सांगू! मध्य प्रदेशात सरकारी कागदावर माणूस एकटा कधी राहतच नाही. पुरुष असला तर त्याच्या नावापुढं "पिता" आणि बापाचं नाव. बाई असली तर "पति" आणि नवऱ्याचं नाव. मग आडनाव. मग गाव. आणि गावाच्या मागं आणखी एक शब्द, कारण इकडं एकाच नावाची दोन-दोन गावं असतात, बहुतेक नाल्याच्या ह्या बाजूला एक आणि त्या बाजूला एक. थोरलं ते कलां, धाकटं ते खुर्द. महाराष्ट्रात ज्याला बुद्रुक म्हणतात ते आमचं कलां. एवढी वरात त्या ओळीत बसणं शक्यच नव्हतं. कापावं लागणार होतं.

ताईंनी नेमाप्रमाणे तयार फंक्शन लावलं. जेवढी अक्षरं मावतात तेवढी पुढून घे, बाकीची सोड, शेवटी तीन टिंबं दे. झालं.

पहिल्याच सकाळी यार्डात हशा पिकला. त्या फंक्शननं एका माणसाच्या बापाचं नाव असं कापलं की अक्षर राहिलं आणि त्याची वेलांटी गायब. एक अक्षर म्हणजे आपल्या डोळ्याला एक दिसतं, पण मशीनला त्यात दोन-तीन तुकडे दिसतात, आणि ते कुठल्याही तुकड्यावर सुरी चालवतं. मला वाटलं, आता ताईंचा नेम मोडला! पण त्या हसल्यासुद्धा नाहीत. जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी दुसरं तयार फंक्शन शोधलं, जे डोळ्याला दिसतं तेच अक्षर धरून मोजतं. "आपल्यासारखी भाषा जगात आपल्याच एकट्याची आहे काय?" त्या म्हणाल्या. "कोणीतरी आधीच ठेच खाल्लेली असते." दुपारपासून बोर्डावरची अक्षरं सरळ झाली. मी तर त्या दिवशी घरी जाऊन सासूबाईंना सगळं साभिनय सांगितलं.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. आणि एका बाजाराच्या दिवशी दुपारी माझी मावशी दुकानात येऊन उभी राहिली.

माझी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, सौसर तहसिलीत मोहगावच्या पुढं एका खुर्दमध्ये राहते. काका गेले त्याला बरीच वर्षं झाली. संत्र्याची बाग तेव्हापासून ती एकटीच पाहते, आणि पाहते म्हणजे कशी! तिच्या बागेत फळ कोणी ओढून तोडायचं नाही. कात्रीनं, देठाचा टिकला ठेवून. ओढलं की देठाजवळ साल फाटते आणि तिथून फळ सडतं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण मजुरी वाढते म्हणून लोक डोळेझाक करतात. मावशी करत नाही. कॅरेटीत खाली गवत, मग बारीक नाही मोठं नाही, सारखं फळ, तळापासून वरपर्यंत सारखंच. वर चांगलं आणि खाली भरताड, हा धंदा तिनं कधी केला नाही. बोलायला अशी तिखट की मजूर बायका तिला टरकून असतात, आणि तरी दरवर्षी तिच्याचकडं येतात.

ह्या सगळ्याचं फळ काय, तर नाव. दूर दक्षिणेकडचा एक व्यापारी दर मृग बहाराच्या तोडणीला पांढुर्ण्यात येतो. तो मावशीची कॅरेट उघडूनही पाहत नसे. भोंग्यावर तिचं नाव आणि मागून "खुर्दवाली बाई!" अशी हाक आली की हात वर. एवढाच त्यांचा संबंध. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही; त्याला मंडीपुरती हिंदी बोलता-वाचता येते, तेवढीच.

तर ती मावशी दारात उभी. उन्हानं तोंड लाल, की रागानं, कळेना.

"तुमच्या मशीननं माह्यं नाव खाल्लं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मावशी, आधी बस तर. पाणी पे."

"पाणी नको. तिले इचार, कायले खाल्लं." तिनं ताईंकडं बोट केलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नाल्यापलीकडच्या कलांमध्ये एक बाई आहे. आडनाव तेच, आमच्याकडं गावंच्या गावं एका आडनावाची असतात. बाईचं नावही तेच. एवढंच नाही, तिच्या नवऱ्याच्या नावाची सुरुवातही काकांच्या नावासारखीच. बिचारी ती बाई काही वाईट नाही. तिची बाग चारचौघांसारखी, तोडणी चारचौघांसारखी. पण बोर्डाच्या ओळीत दोघींचं नाव मावायचं ते नवऱ्याच्या नावाच्या अर्ध्यापर्यंत. मग तीन टिंबं. दोघींची ओळ अगदी एकसारखी.

त्या सकाळी कलांवालीचा लॉट आधी आला. व्यापाऱ्यानं बोर्डावर ते नाव पाहिलं, वर्षानुवर्षांच्या सवयीनं हात वर केला आणि चढी बोली लावून माल घेतला. मग कॅरेटी उघडल्या. ओढून तोडलेली फळं, फाटलेली साल, खाली बारीक. तो चिडला. थोड्या वेळानं मावशीचा लॉट आला, बोर्डावर पुन्हा तेच नाव, आणि त्यानं पाठ फिरवली.

"माह्या कॅरेटीले हातबी नाही लावला त्यानं," मावशी म्हणाली. "मी गेली त्याच्यापाशी. म्हटलं, भाऊ, वो मेरा नहीं था, वो कलांवाली का था. त त्यानं बोर्डाकडं बोट दाखवलं अन् हात झटकला. म्हंजे मी खोटी अन् बोर्ड खरा! अडत्याले सांगून गेला, पुढच्या बाजारी आखरी येतो, माल नाही पटला त मंग दुसऱ्या मंडीत जातो. म्हने, खुर्दवाली भी गई." तिचा आवाज एकदम बसला. "भी गई म्हने. माह्या जिंदगीची मेहनत, अन् भी गई."

मावशीला मी रडताना फारशी पाहिली नाही. त्या दिवशीही ती रडली नाही, पदरानं मान पुसत राहिली. मला मात्र भडभडून आलं. आणि राग आला, खरं सांगते, ताईंचाच आला. कारण मला माहीत होतं त्या काय म्हणणार: बोर्डाची ओळ एवढीच आहे, फंक्शन बरोबर आहे, यार्डवाल्यांना मोठा बोर्ड घ्यायला सांगा.

पण ताईंनी खुर्ची मावशीकडं वळवली आणि विचारलं, "मावशी, तुमच्या गावात तुम्हाला दोघींना लोक वेगळं कसं ओळखतात?"

"कसं म्हंजे? तोंड पाहून!"

"तोंड नसताना. निरोप सांगताना."

मावशीनं माझ्याकडं असं पाहिलं की ही बाई शहाणी आहे ना? मग म्हणाली, "उद्या येऊन पाय ना. तोडाई सुरूच हाय."

आणि ताई खरंच निघाल्या! दुकानाला कुलूप लावून आम्ही दोघी सकाळच्या बसनं सौसरला, तिथून मोहगावच्या गाडीनं पुढं. ताईंना गाडी लागते, उलट्या होतात, म्हणून त्या कुठं जात नाहीत. त्या दिवशी लिंबू नाकाला लावून खिडकीशी बसल्या, पण कान सगळे उघडे. मोहगावच्या स्टँडवर जीपवाला ओरडत होता, "खुर्द, खुर्द, खुर्द! कलांवाले मागची गाडी!" गावाचं मूळ नाव तो घेतच नव्हता. कशाला घेईल? ते दोन्हीचं तेच. बागेत मजूर बायका बोलत होत्या: खुर्दवालीकडं चहा चांगला राहते, कलांवाली गूळ टाकते. एकीनं ओरडून दुसरीला निरोप दिला तोही असाच, बाईचं नाव आणि शेवटी खुर्द. आडनाव नाही, नवऱ्याचं नाव तर नाहीच नाही. ताई बांधावर बसून ऐकत होत्या. मधेच एक संत्रं सोलून खाल्लं आणि म्हणाल्या, "वा!" एवढं बोलणं म्हणजे त्यांच्या हिशेबानं भाषणच झालं.

परतताना बसमध्ये त्या म्हणाल्या, "मी मूर्खासारखं शेपूट कापलं."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"ते तयार फंक्शन ज्या लोकांनी केलं, त्यांच्याकडं महत्त्वाचं आधी येत असेल. म्हणून ते शेवट कापतं. आपल्याकडं माणूस शेवटी ओळखू येतो. सुरुवातीला बाई, शेवटी खुर्द. मधलं सगळं सरकारसाठी."

मग मी संधी सोडते काय! म्हटलं, "मग ताई, आता हे घरीच कांडावं लागणार?"

"लागणार," ताई म्हणाल्या, आणि पुन्हा लिंबू नाकाला लावलं.

दोन दिवस त्या त्याच कामाला बसल्या. मी मागून पाहत होते, आणि मला जे दिसलं त्यानं मी चाटच पडले. मला वाटलं होतं, आता सगळं त्या स्वतः लिहितील. छे! अक्षर मोजायचं काम त्यांनी तयार फंक्शनलाच दिलं, कापायचं कामही त्यालाच. स्वतः लिहिलं ते एवढंच, की सुरी कुठं ठेवायची. माणसाचं स्वतःचं नाव तोडायचं नाही. गावाचा शेवटचा शब्द तोडायचा नाही. जागा कमी पडली तर आधी "पति" किंवा "पिता" आणि त्यापुढचं नाव काढ. तरी कमी पडली तर आडनाव काढ. तरी कमी पडली तर गावाचं मूळ नाव आखूड कर, पण कलां किंवा खुर्द शाबूत ठेव. आणि त्यावर एक पहारा बसवला: यार्डातल्या कोणत्याही दोन वेगळ्या माणसांची ओळ कापल्यावर एकसारखी झाली, तर प्रोग्रामनं तिथंच थांबायचं आणि आम्हाला विचारायचं. सगळा कोड एका पानावर मावेल एवढा. मी जन्मात इतकं थोडकं आणि इतकं शहाणं काम पाहिलं नाही. आमच्या घरी माणसं भारंभार करतात आणि मग सांगत फिरतात. ह्या बाईनं नको ते एक अक्षर लिहिलं नाही, आणि पाहिजे ते एक सोडलं नाही.

पण एक गोष्ट प्रोग्रामला विचारता येत नव्हती. ताईंनी मावशीला फोन लावला.

"मावशी, ओळीत सगळं बसत नाही. काकांचं नाव काढावं लागेल. चालेल?"

मी ताईंच्या कानाला कान लावून उभी. पलीकडून कात्र्यांचा आवाज येत होता, कच कच.

"बाजारी येतो, तवा सांगतो," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

झालं! आता आली का पंचाईत! मला तर झोप लागेना. विधवा बाई, तिच्या नावापुढून नवरा काढून टाकायचा, तेही भर बाजारात, लाल अक्षरांत. ती हो म्हणाली नाही तर दोघींची ओळ पुन्हा एकच, आणि तो व्यापारी शेवटचा येणार.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी सकाळीच यार्डात गेलो. मावशी कॅरेटींजवळ उभी, ठेवणीतलं लुगडं नेसून. कॅरेटीतली फळं सारखी करत होती. यार्डाच्या मुनीमजींनी आमचं काम आधीच पाहिलं होतं आणि त्यांचा चेहरा आंबट झाला होता.

"बाईसाहेब, हे काय करून राहिले तुम्ही?" ते ताईंना म्हणाले. "बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव नाही? आमच्या घरच्या बायका येतात इथं. लोक काय म्हणतीन?"

ताईंना असलं बोलता येत नाही. कोडबद्दल विचारा, तासभर बोलतील. त्या माझ्याकडं पाहायला लागल्या, आणि मी पदर खोचून पुढं होणार, तेवढ्यात मावशीच आली.

"अवो मुनीमजी," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं, "तुमची बायको तुमचं नाव घेते काय चारचौघांत?"

मुनीमजी गडबडले. "आता, ती कशी घेईन..."

"मीबी नाही घेतलं. त्याच्या संग जिंदगीभर नांदली, लग्नातला उखाना सोडला त कधी तोंडानं नाव नाही घेतलं त्याचं. मंग तुमच्या बोर्डानं काहून घ्यावं?"

अडते हसले, शेतकरी हसले, हमाल तर कॅरेटी खाली ठेवून हसले. मुनीमजीसुद्धा हसायला लागले, दुसरं करणार काय! मावशी ताईंकडं वळली आणि म्हणाली, "लाव पोरी."

कलांवालीचा लॉट आला. तिचं नाव, मग गाव, मग शेवटी स्पष्ट: कलां. ती बाईसुद्धा बोर्डाकडं पाहत होती, जरा खुशच दिसली; तिलाही गेल्या बाजारात कमी ऐकावं लागलं नव्हतं. व्यापाऱ्यानं हात वर केला नाही. तो खांबाला टेकून उभा होता, निघायच्या बेतात असल्यासारखा.

मग मावशीचा लॉट. बोर्डावर तिचं नाव आलं, मग गाव, आणि ओळीच्या टोकाला खुर्द.

व्यापाऱ्यानं पाहिलं. आधीच्या ओळीत काय होतं ते आठवत असावा, पुन्हा पाहिलं. खांब सोडला, सरळ मावशीच्या कॅरेटींजवळ गेला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा हात घालून तळाचं एक फळ काढलं. देठाचा टिकला पाहिला. मावशी हाताची घडी घालून त्याच्याकडं रोखून पाहत होती, ये, पाय लेका, असं. त्यानं फळ परत जागेवर ठेवलं, तिच्याकडं बघून हात जोडले, आणि मग हात वर केला. बोली चढली ती चढलीच. मी ताईंना मिठी मारली. त्या "अगं, अगं, लोक बघताहेत" म्हणत राहिल्या, पण सोडवून घेतलं नाही.

दुपारी बाजार उठला. ट्रक भरून गेले, मुनीमजी जेवायला गेले, शेडमध्ये सालीचा वास आणि इकडंतिकडं गवत. आम्ही लॅपटॉप आवरत होतो. मावशी गेली नव्हती. बोर्डाखाली उभी होती.

"पोरी," ती ताईंना म्हणाली, "माह्यं नाव पुन्हा दाखवता येते काय? मघाशी धकधकीत नीट पाह्यलं नाही मी."

"येते," ताई म्हणाल्या. मग थांबून विचारलं, "कापलेलं दाखवू, की पूर्ण?"

"पूर्ण होते?"

"होते. सरकवत न्यावं लागते. लिलावात तेवढा वेळ कोणी थांबत नाही, म्हणून कापतो. आता काय, कोणीच नाही."

ताईंनी दोन बटणं दाबली. बोर्डाच्या उजव्या टोकातून अक्षरं निघाली आणि हळूहळू डावीकडं सरकायला लागली. मावशी सातवीपर्यंत शिकलेली. ती शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचायला लागली. स्वतःचं नाव वाचलं. मग "पति" वाचलं. आणि थांबली. काकांचं नाव तिच्यासमोरून पूर्ण सरकत गेलं, त्यामागं आडनाव, गाव, खुर्द, आणि बोर्ड काळा झाला.

"गेलं," ती म्हणाली.

"परत येते," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

ओळ परत आली. मावशीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. स्वतःचं नाव, पति, आणि मग त्या रिकाम्या शेडमध्ये, खणखणीत, काकांचं नाव. ते नाव तिच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी ताईंकडं पाहिलं, त्या डोळे पुसत होत्या आणि बोर्ड बंद करत नव्हत्या. ओळ पुन्हा सुरू झाली, आणि ह्या वेळी ते नाव बोर्डावर यायच्या आधीच मावशीनं घेतलेलं होतं.